बंद दाराआडची बाजारपेठ

छोट्या व्यावसायिकांनी मोबाइलवर उभारलेले खासगी ग्राहकगट ही आता शहरी व्यापाराची एक समांतर पेठ बनली आहे. जाहिरातीवाचून चालणारी ही पेठ केवळ विश्वासावर उभी आहे. मात्र हा गट नेमका कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली आहे.

मार्च उजाडला की मुंबई, ठाणे आणि पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास येतो. देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागेतील आंब्याचे छायाचित्र, पेटीचा भाव, गाडी निघण्याची तारीख आणि खाली नाव नोंदविण्याची विनंती. तासाभरात यादी लांबत जाते. कोणी दोन डझन सांगतो, कोणी पाच. कोणी गेल्या वर्षी पेटीत निघालेल्या डागी फळांची आठवण करून देतो आणि बागायतदार सर्वांच्या देखत ती भरून देण्याचे कबूल करतो. ठरल्या दिवशी टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी उभा राहतो. या साऱ्या व्यवहारात दुकान नाही, जाहिरात नाही आणि आडत्याही नाही.

या पद्धतीला खरी गती मिळाली ती २०२० मधील टाळेबंदीने. २५ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हापूसचा हंगाम नुकताच रंगात येत होता. वाशीचा घाऊक बाजार अधूनमधून बंद राहिला, वाहतूक विस्कळीत झाली आणि झाडावरचे फळ तर थांबायला तयार नव्हते. अशा वेळी कोकणातील अनेक बागायतदारांनी शहरातील नातेवाईक, गाववाले आणि ओळखीपाळखीच्या मंडळींमार्फत थेट सोसायट्यांशी संधान बांधले. एरवी पेटी वाशीला पाठवायची, भाव नंतर कळायचा आणि आडत कापून पट्टी हाती पडायची, ही पिढ्यानपिढ्यांची रीत होती. आपला आंबा कोणाच्या घरी जातो हे त्या रीतीत बागायतदाराला कधीच कळत नसे. २०२० च्या त्या हंगामाने अनेकांना पहिल्यांदा ग्राहकाचे नाव आणि फोन क्रमांक हाती दिला. टाळेबंदी उठली, बाजार पूर्ववत झाले. परंतु गट मात्र कायम राहिले.

आज हे लोण आंब्यापुरते राहिलेले नाही. घरगुती फराळ, लाकडी घाण्याचे तेल, हातमागाच्या साड्या, लहान मुलांची पुस्तके, योगवर्ग, गिर्यारोहणाच्या सहली, गुंतवणुकीचे सल्ले, अशा नाना प्रकारच्या व्यवसायांनी स्वतःचे खासगी गट बांधले आहेत. आमंत्रणावाचून प्रवेश नाही आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही, हे या गटांचे वैशिष्ट्य. व्यवसाय वाढविण्याचे हे साधन इतके स्वस्त आणि सोपे आहे की त्याच्या मर्यादांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

चव्हाट्यावरून ओसरीवर

खुल्या समाजमाध्यमांवरून व्यावसायिक बंद गटांकडे का वळले, याची कारणे त्या माध्यमांच्या धोरणातच सापडतात. सुरुवातीच्या काळात फेसबुकवर पान उघडले की लिहिलेला मजकूर चाहत्यांपर्यंत फुकट पोहोचत असे. पुढे ही पोच आटत गेली. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने व्यावसायिक पानांपेक्षा मित्र, कुटुंब आणि गटांतील मजकुराला प्राधान्य देणारा बदल जाहीर केला आणि छोट्या व्यावसायिकाला आपल्याच चाहत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसे मोजण्याची वेळ आली. मार्च २०१९ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी सार्वजनिक चौकापेक्षा घरातील दिवाणखान्यासारखा खासगी संवाद अधिक महत्त्वाचा ठरेल, अशी भूमिका मांडली. चव्हाट्यावरची गर्दी ओसरीवर सरकत असल्याची ती कबुलीच होती.

भारतात ही ओसरी म्हणजे प्रामुख्याने व्हॉट्सॲप. ५० कोटींहून अधिक भारतीय ही सेवा वापरतात. छोट्या व्यावसायिकांसाठीचे स्वतंत्र ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. गटातील सदस्यसंख्येची मर्यादा पूर्वी २५६ होती, ती २०२२ मध्ये आधी ५१२ आणि नंतर १,०२४ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनेक गट एका छत्राखाली आणणारी ‘कम्युनिटी’ची सोय सर्वांना उपलब्ध झाली. साधन आयते होते, ग्राहक तेथे आधीच हजर होता आणि खर्च शून्य होता. दुकानाची पागडी आणि जाहिरातीचा दर ज्यांना परवडत नव्हता त्यांनी या संधीचा लाभ घेतला, यात नवल नाही.

गटाचे अर्थशास्त्र

अशा गटाने धंदा नेमका कसा वाढतो, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, एका सोसायटीच्या गटात २०० सदस्य आहेत आणि त्यांतील ४० घरांनी प्रत्येकी दोन डझन आंबे मागविले. ही ८० डझनांची, म्हणजे पाच डझनांच्या १६ पेट्यांची मागणी झाली. असे दहा गट एकाच दिवशी जुळले तर १६० पेट्या होतात आणि टेम्पोची फेरी परवडते. महत्त्वाचे म्हणजे ही मागणी फळ उतरविण्यापूर्वीच हाती असते. किती काढायचे, किती आढीत घालायचे आणि किती बाजाराला पाठवायचे, हे बागायतदाराला आधी ठरविता येते. नाशिवंत मालाच्या धंद्यात या आगाऊ माहितीचे मोल नफ्याच्या टक्क्यांपेक्षाही अधिक असते. घरगुती फराळ करणाऱ्या महिलेच्या बाबतीतही हेच घडते. नोंदणी आधी झाली की दिवाळीला किती किलो भाजणी दळून आणायची याचा अंदाज चुकत नाही आणि भांडवल अडकून पडत नाही.

दुसरा लाभ अप्रत्यक्ष आहे. गटात एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सगळे वाचतात, एकाने दिलेली पावती सगळ्यांना दिसते आणि एकाची तक्रारही सगळ्यांसमोरच येते. दुकानाच्या गल्ल्याशी झालेली कुरबुर दोघांत मिटते. गटातील कुरबुरीला मात्र दोनशे साक्षीदार असतात. त्यामुळे विक्रेत्यावर आपोआप एक शिस्त येते. जो ही शिस्त मानतो त्याचा माल पुढील हंगामात न सांगता खपतो.

ग्राहकांच्या बंदिस्त समूहाचे हे सामर्थ्य मोठ्या उद्योगांनी बऱ्याच आधी हेरले होते. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेली कम्युनिस्पेस ही कंपनी बड्या उद्योगांसाठी असे खासगी ग्राहकसमूह चालवीत असे. एका समूहात साधारण ३०० ते ५०० सदस्य असत. लाखोंचा जमाव गोळा करणे शक्य असूनही संख्या मुद्दाम मर्यादित ठेवली जाई. कारण माणसे लहान समूहात मोकळेपणाने बोलतात, मोठ्या समूहात नुसती बघत राहतात. समूहाचा उपयोग विकण्यापेक्षा ऐकण्यासाठी अधिक होतो, हा त्या प्रयोगाचा धडा होता. आपल्याकडील बहुतेक गट नेमके येथेच गडबडतात.

पंचायतीचा वारसा

खरे तर विश्वासावर चालणारा बंदिस्त गट महाराष्ट्राला नवा नाही. भिशी हे त्याचे घरोघरचे रूप. दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि आळीपाळीने एकाने उचलायची, हा व्यवहार कागदावाचून चालतो. कारण प्रत्येक सदस्य दुसऱ्याला ओळखत असतो. याहून संघटित उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदविली, माल घाऊक आणला आणि सदस्यांनीच तो आपसांत वाटून घेतला. मोबाइल तर सोडाच, घरोघरी साधा दूरध्वनीही नव्हता अशा काळात ही व्यवस्था उभी राहिली आणि टिकली.

त्या गटांत आणि आजच्या गटांत एक मूलभूत फरक आहे. पंचायतीचा गट ग्राहकांचा होता. माल कोणाकडून घ्यायचा हे ग्राहक ठरवीत. आजचा व्यावसायिक गट विक्रेत्याचा असतो. सदस्य कोणाला करायचे, कोणाला काढायचे, कोणता संदेश पुसायचा आणि कोणाला बोलू द्यायचे, या साऱ्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. डागी फळाची तक्रार करणाऱ्याला उत्तर द्यायचे की त्याला गटातून बाहेर काढायचे, हा निर्णय एका बोटाच्या अंतरावर असतो. तक्रार पुसली तर गट स्वच्छ दिसतो. पण उरलेल्या सदस्यांनी ती वाचलेली असते. पुढच्या नोंदणीची यादी आखूड होते आणि त्यामागचे कारण विक्रेत्याला कोणी सांगत नाही.

संख्येचा मोह हे दुसरे दुखणे. दीडशेचा गट हजारावर नेला की धंदाही सहापट होईल, असा हिशेब मांडला जातो. त्यासाठी ओळखीचे-अनोळखी सगळे क्रमांक न विचारता भरले जातात. गटात कोणी आपल्याला सामील करावे हे ठरविण्याची सोय व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९ मध्ये दिली, ती याच त्रासापायी. नको असलेला सदस्य गट सोडून जात नाही. तो गटाचा आवाज बंद करून ठेवतो. सुप्रभातच्या संदेशांचा आणि रोजच्या सवलतींचा मारा वाढला की मूळचे ग्राहकही तेच करतात. मग विक्रेता केवळ स्वतःलाच लिहिता येईल अशी कळ दाबतो. त्या क्षणी गटाचा सूचनाफलक होतो आणि ज्या संवादामुळे धंदा वाढला तो संपतो.

साध्या गटात प्रत्येक सदस्याचा फोन क्रमांक इतर सर्वांना दिसतो, ही बाबही दुर्लक्षित राहते. साड्या पाहण्यासाठी गटात आलेल्या महिलेचा क्रमांक शेकडो अनोळखी व्यक्तींच्या हाती देण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. कम्युनिटीच्या सूचनागटात हे क्रमांक झाकलेले राहतात. तथापि ही सोय वापरणारे व्यावसायिक थोडे आहेत.

जागा भाड्याचीही नाही

किल्ल्या विक्रेत्याच्या कमरेला असल्या तरी वाडा त्याचा नाही. ऑर्कुटवरील समूह एके काळी भारतीय तरुणाईची हक्काची जागा होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. गुगल प्लस २०१९ मध्ये गेले. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०२० मध्ये गाशा गुंडाळला आणि वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारावर पडदा पडला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास ठप्प झाले, तेव्हा केवळ गटावर अवलंबून असलेल्या व्यावसायिकाकडे ग्राहकाला कळविण्याचे दुसरे साधनच नव्हते.

धोका केवळ सेवा बंद पडण्याचा नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार व्हॉट्सॲप प्रसिद्ध करीत आलेल्या मासिक अहवालांत दरमहा लाखो भारतीय खाती बंद केल्याची नोंद आढळते. त्यांतील बहुसंख्य गैरवापराची असतीलही. परंतु एखादे खाते चुकून बंद झाले तर दाद मागायची ती दूरदेशीच्या कंपनीकडे. भाडेकरूला निदान भाडे नियंत्रण कायद्याचा आधार असतो; येथे करारनामाही कंपनीचा आणि तो बदलण्याचा अधिकारही तिचाच. शिवाय मोठ्या उद्योगांसाठीच्या सेवेत व्हॉट्सॲप संदेशामागे शुल्क आकारते. छोट्यांसाठीची फुकट सोय कायम तशीच राहील, असे कोणी लिहून दिलेले नाही.

गट बांधणाऱ्याच्या श्रमाचे फळ दुसऱ्याच्या पदरी कसे पडू शकते, याचे बोलके उदाहरण मीशोचे आहे. बंगळुरूत २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने घरबसल्या विक्री करणाऱ्या महिलांचे जाळे उभारले. कंपनीच्या यादीतील कपडे आणि गृहोपयोगी वस्तू या महिला आपल्या नात्यागोत्यातील व्हॉट्सॲप गटांत पाठवीत, त्यावर स्वतःचा नफा चढवीत आणि माल कंपनी परस्पर पोहोचवी. अनोळखी दुकानावर विश्वास न ठेवणारा लहान शहरांतील ग्राहक मावशीच्या किंवा वहिनीच्या शब्दावर खरेदी करू लागला. जून २०१९ मध्ये फेसबुकने या कंपनीत गुंतवणूक केली. पुढे ग्राहकाला ऑनलाइन खरेदीची सवय लागली आणि कंपनीचा भर थेट ग्राहकाला माल विकण्याकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मीशोची शेअर बाजारात नोंदणी झाली. कंपनीने काही बेकायदा केले असे नव्हे. मात्र ज्यांच्या शब्दावर ही पेठ उभी राहिली, त्या मधल्या विक्रेत्या महिलांच्या हाती स्वतःचे असे ग्राहक किती राहिले, हा प्रश्न उरतोच. शब्द त्यांचा होता, वही कंपनीची होती.

विश्वासाचा गैरवापर

बंद दाराची हीच ओढ लबाडांनाही हवी असते. शेअर बाजारातील खात्रीशीर नफ्याचे आमिष दाखविणारे खासगी गट आणि टेलिग्राम वाहिन्या हे त्याचे सर्वांत घातक रूप. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चालणाऱ्या अशा उद्योगावर अंतरिम आदेशाने कारवाई केली. नोंदणी नसताना, प्रशिक्षणाच्या नावाखाली शेअर खरेदी-विक्रीचे सल्ले दिल्याचा ठपका ठेवत सुमारे १७ कोटी रुपये जमा करण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी एक पाऊल टाकले. बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांनी लगतच्या तीन महिन्यांतील भाव वापरून बोलू नये, असे स्पष्ट केले.

सायबर पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींतील पद्धत तर याहून भयंकर आहे. अनोळखी गटात सामील करून घेतलेल्या व्यक्तीला इतर सदस्य रोज आपापल्या नफ्याची चित्रे दाखवितात, ‘सरां’चे आभार मानतात. हे सदस्य बहुधा टोळीचेच असतात. दोनशे साक्षीदारांमुळे विक्रेत्यावर जी शिस्त येते, तीच येथे उलटी फिरविली जाते. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने करता येते. तरीही आमंत्रण कोणाकडून आले आहे याची आधीच खातरजमा करणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

कायद्याची चौकट

गटचालकाच्या जबाबदारीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेला निर्णय मार्गदर्शक आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू असल्याखेरीज, गटचालकाला दोषी धरता येणार नाही, असे खंडपीठाने म्हटले. व्यावसायिकांना हा दिलासा आहे. मात्र तो सदस्यांच्या मजकुरापुरता. स्वतः विकलेल्या मालाची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. घरगुती अन्नपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणीची अट लागू आहे, विक्री दुकानातून होवो की मोबाइलवरून.

याहून दूरगामी परिणाम वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे होतील. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु धंद्यासाठी बाळगलेली ग्राहकांच्या क्रमांकांची यादी घरगुती म्हणता येणार नाही. कशासाठी माहिती घेतली हे स्पष्ट सांगून संमती मिळविणे आणि संमती मागे घेतली गेल्यास ती माहिती पुसणे, ही जबाबदारी यादी बाळगणाऱ्यावर येते. गंभीर कसुरीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. फराळ विकणाऱ्या गृहिणीवर एवढा बडगा कोणी उगारणार नाही, हे उघड आहे. पण न विचारता क्रमांक भरण्याची सवय आता निव्वळ असभ्यपणाची बाब राहिलेली नाही.

तेव्हा गट कोणाचा, या मूळ प्रश्नाकडे पुन्हा यावे लागते. विक्रेता म्हणतो माझा, कारण बांधला त्याने. कंपनी म्हणते माझा, कारण जागा तिची. व्यवहारात मात्र तो सदस्यांचा असतो; ते बोलेनासे झाले की उरते ती क्रमांकांची यादी. हे ओळखणाऱ्या व्यावसायिकाला काही साधी पथ्ये पाळावी लागतील. विचारल्यावाचून कोणाला गटात घेऊ नये. संख्या आवाक्यात ठेवावी. तक्रार पुसण्याऐवजी सर्वांसमोर निस्तरावी. आणि ग्राहकांच्या संमतीने त्यांची नावे, पत्ते नि मागण्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवाव्यात, म्हणजे उद्या वाडा बदलावा लागला तरी माणसे सुटणार नाहीत.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही दरवर्षी परराज्यांतील आंबा देवगडच्या नावाने खपविला जातो आणि पेटीवरील शिक्क्याने ग्राहकाची खात्री पटत नाही. ती पटते गेल्या वर्षीच्या अनुभवाने आणि शेजाऱ्याने दिलेल्या ग्वाहीने. गटातील बागायतदाराजवळ ही ग्वाही आहे, हीच त्याची खरी कमाई. एका हंगामात चार पेट्या अधिक खपविण्याच्या मोहापायी ती गमावली, तर पुढच्या मार्चमध्ये संदेश जाईल, छायाचित्रही जाईल. खाली नावे मात्र येणार नाहीत.